अंधारातली भिंत आणि सोळा हजार रुपये

३५ एमएमच्या दोन लेन्स. दोन्ही कॅननच्या, दोन्ही एफ/२, दोन्ही वापरलेल्या. एक १९९० साली बाजारात आलेल्या मॉडेलची, बारा हजारांना. दुसरी २०१२ साली आलेल्या मॉडेलची, अठ्ठावीस हजारांना. दुसरीची मोटर कमी आवाज करते, काचही सुधारलेली आहे. पण विकणारा आणि मी, दोघांनाही माहीत होतं की वरचे सोळा हजार मुख्यतः दोन अक्षरांचे आहेत: आयएस. इमेज स्टॅबिलायझेशन. हात हलला तरी फोटो हलणार नाही, असं आश्वासन.

एरवी असला प्रश्न मी शनिवारी दुपारी यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून निकालात काढला असता. या वेळी ते जमेना, कारण फोटो कशाचा काढायचा हे आधीच ठरलेलं होतं. इंजिनिअरिंगला माझ्याबरोबर असलेला एक मित्र वारली आहे. मार्चमध्ये त्याच्या बहिणीचं लग्न होतं, तलासरी तालुक्यातल्या त्यांच्या पाड्यावर. लग्नासाठी घराच्या आतल्या भिंतीवर चौक काढला जाणार होता आणि त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर ते घर पाडून तिथे सिमेंटचं घरकुल उभं राहणार होतं. मित्राच्या आईने, म्हणजे मावशींनी, निरोप धाडला होता की भिंतीचा चांगला फोटो काढून दे. भिंत एकच, संधी एकच, आणि घराला खिडकी नाही.

कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर उतरतं छप्पर. उजेड यायचा तो दारातून, थोडाफार छपराच्या फटींतून. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असताना आत शिरलं की मिनिटभर काहीच दिसत नाही. मी आधी एकदा जाऊन उजेड मोजून आलो होतो. आयएसओ १६००, एफ/५.६, शटर १/८ सेकंद. जुना ठोकताळा असा की हातात कॅमेरा धरून फोटो काढताना ३५ एमएमच्या लेन्सने १/३५ सेकंदाहून जास्त वेळ शटर उघडं ठेवू नये, २०० एमएमने १/२०० हून जास्त नाही. म्हणजे मला हवा होता त्याच्या चौपट वेळ लागत होता.

छिद्र एफ/२ पर्यंत उघडलं तर वेळ मिळतो, हे खरं. पण मग रेखीव दिसणारी जागा फार थोडी उरते. त्या खोलीत भिंतीसमोर सरळ उभं राहायला जागाच नव्हती. एका बाजूला भाताची कणगी, दुसरीकडे चूल. तिरकं उभं राहून एफ/२ वर काढलं की भिंतीची एक बाजू नीट, दुसरी लोण्यासारखी. ट्रायपॉड? लग्नघरात, नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर, दहा-बारा बायकांच्या मध्ये तीन पाय रोवणाऱ्याला कोणी हाकललं नाही तरी त्याने स्वतःहून बाहेर जावं. फ्लॅश तर नकोच. दारातून तिरका येणारा उजेड शेणाच्या लेपावरचे बोटांचे फराटे दाखवतो, तांदळाच्या पिठाची रेघ भिंतीवर किंचित उचललेली आहे हे दाखवतो. समोरून फ्लॅश मारला की हे सगळं सपाट होतं आणि उरतो तो टी-शर्टावर छापतात तसला नमुना.

तेव्हा सोळा हजारांचा प्रश्न खरा होता. आणि तो सोडवायला बसल्यावर लक्षात आलं की अंधाऱ्या भिंतीवरचं चित्र बाहेर कसं आणायचं, हा प्रश्न माझ्या आधी बऱ्याच जणांना पडला होता. त्यांची उत्तरं माझ्या लेन्सपेक्षा महाग होती.

फोटो हलतो म्हणजे दोनपैकी एक गोष्ट होते. कॅमेरा हलतो किंवा समोरचं हलतं. सुरुवातीच्या फोटोग्राफरांना पहिल्याची चिंता नव्हती, कारण त्यांचे कॅमेरे जड आणि घोडीवर बसवलेले असत. दुसऱ्याने मात्र त्यांना छळलं. १८३८ साली दागेरने पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो काढला, काही मिनिटांच्या एक्स्पोजरचा. रस्ता वाहता होता, पण फोटोत घोडे नाहीत, गाड्या नाहीत, गर्दी नाही. दिसतो तो कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तेवढा तो एका जागी उभा होता. हलणारं सगळं नाहीसं झालं. पुढे स्टुडिओंत गिऱ्हाइकाची मान मागून चिमट्यात धरून ठेवायचे. मुंबईत विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात शहरातल्या जातीजमातींचे जे दोन खंड छापले, त्यातली माणसं वेगळी टिपून मागचे देखावे वेगळ्या फोटोंमधून जोडलेले आहेत. फोटोशॉप आपल्याला वाटतं तितकं नवं नाही.

१९२५ मध्ये लायका बाजारात आला, कॅमेरा हातात आला, आणि मग हाताचं थरथरणं हा प्रश्न झाला. थरथर किती, याचा हिशोब मी एकदा मांडून पाहिला. माझ्या वीस मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ एमएमची लेन्स लावली तर कॅमेरा एका अंशाच्या शंभराव्या भागाइतका फिरला की चित्र एक पिक्सेल सरकतं. २०० एमएमला त्याचा सहावा भागही पुरतो. नाडीच्या ठोक्याने एवढं सहज होतं.

आता भिंतींकडे येऊ. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मधुबनीत डब्ल्यू. जी. आर्चर नावाचा ब्रिटिश अधिकारी नुकसानीची पाहणी करत फिरत होता. घरांच्या भिंती कोसळल्या होत्या आणि एरवी परक्या पुरुषाला कधीच दिसली नसती अशी आतल्या खोल्यांतली चित्रं उघड्यावर आली होती. बायकांनी लग्नाच्या खोलीत काढलेली कमळं, बांबू, मासे. आर्चरने पुढे त्या चित्रांचे फोटो काढले आणि १९४९ साली ‘मार्ग’ मासिकात त्यांच्यावर लेख लिहिला. मिथिला चित्रकला बाहेरच्या जगाला कळली ती अशी. आत उजेड नव्हता. भिंत पडली आणि उजेड आला.

दुसरं उत्तर कागदाचं. १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराला मधुबनीला पाठवलं. त्याने बायकांना कागद दिला: भिंतीवर काढता तेच यावर काढा, विकता येईल. हाच कुलकर्णी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डहाणू भागात आला. इथेही घरं अंधारी, चित्र आतल्या भिंतीवर, लग्नापुरतं. गेरूच्या पोतेऱ्यावर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चघळून तिच्या केलेल्या कुंचल्याने. मधोमध चौकात पालघट देवी, भोवती झाडं, माणसं, जनावरं. चौक काढायच्या सवाशिणी, लग्न लावायची धवलेरी, गाणी म्हणून. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. पुढच्या पोतेऱ्याखाली ते गेलं तरी कोणाला दुःख नाही.

कुलकर्णीने इथेही कागद दिला. त्या काळी त्या भिंतीचा रंगीत फोटो काढायचा म्हणजे काय, याचा हिशोब मी करून पाहिला. कोडॅक्रोम ६४ सारखी स्लो फिल्म, एफ/२.८, आणि मी मोजला तेवढाच उजेड: शटर जवळपास एक सेकंद उघडं ठेवावं लागेल. हातात धरून अशक्य. म्हणजे फोटो बाहेर काढणं कठीण होतं. त्यापेक्षा चित्रालाच उचलून उजेडात आणणं सोपं पडलं.

आणि ते फार जोरात चाललं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी कागद हातात घेतला तो सोडला नाही. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमधल्या मोठ्या प्रदर्शनात चित्रं, २०११ साली पद्मश्री. लहानपणी आई गेल्यावर बोलणं थांबलेला आणि मातीत चित्रं काढून सांगणारा मुलगा, २०१८ मध्ये गेला तेव्हा जगभर माहीत होता. त्यांचं जाळ्याचं चित्र पाहिलं नसेल तर हा लेख इथेच थांबवून शोधा. पडदाभर पसरलेलं मासे धरायचं जाळं, हजारो बारीक रेघा, एकही रेघ घाईत काढलेली नाही.

पण या उत्तराची किंमतही पाहायला हवी. मिथिलेत कागद बायकांच्या हातात गेला आणि नावंही त्यांची झाली. जगदंबा देवींना १९७५ सालीच पद्मश्री मिळाली. आपल्याकडे भिंत होती बायकांची, कागद मात्र मुख्यतः पुरुषांचा झाला. चौक हा विधी होता, तो सवाशिणीच काढणार. कागद हा विधी नव्हता, तो कोणीही घ्यावा. जो बाजारात जातो, मुंबईला जातो, त्याने घेतला. यात जिव्या मशे यांचं मोठेपण कमी होत नाही. पण त्यांच्या आधी कित्येक पिढ्या चौक काढणाऱ्या बायकांपैकी किती जणींची नावं तुम्हाला-मला सांगता येतील? मी डहाणूत वाढलो, मला एकही सांगता आलं नाही. रस्त्यावरून चालणारी माणसं दागेरच्या फोटोतून गेली तशाच या गेल्या.

तिसरं उत्तर म्हणजे आयएस. ते दिवाही आणत नाही, भिंतही पाडत नाही. वेळ आणतं. कॅमेरा हातात असताना शटर जास्त वेळ उघडं ठेवू देतं.

त्याची गोष्ट जपानमधली. मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासॉनिक, इथे मित्सुआकी ओशिमा नावाचा इंजिनिअर गाड्यांच्या नेव्हिगेशनसाठी कंपन पावणाऱ्या छोट्या जायरोवर काम करत होता. १९८२ मध्ये हवाईला सुट्टीवर असताना चालत्या गाडीतून शूटिंग करणाऱ्या मित्राचा कॅमेरा हलताना त्याने पाहिला आणि त्याच्या डोक्यात आलं की गाडीचं वळण मोजणारी वस्तू हाताचं थरथरणंही मोजू शकेल. १९८८ मध्ये असा पहिला व्हिडिओ कॅमेरा विकायला आला. १९९४ मध्ये निकॉनने एका छोट्या फिल्म कॅमेऱ्यात ही सोय दिली, १९९५ मध्ये कॅननने ७५-३०० एमएमच्या लेन्समध्ये. एसएलआरला लावायची अशी ती पहिली लेन्स.

आत काय चालतं ते सोपं आहे. एक जायरो वर-खाली डोलणं मोजतो, दुसरा डावी-उजवीकडचं. एक छोटा प्रोसेसर हिशोब करतो, विद्युतचुंबक भिंगांचा एक गट उलट दिशेला सरकवतात, आणि चित्र सेन्सरवर जागच्या जागी राहतं. पहिल्या लेन्सने दोन स्टॉपचा फायदा सांगितला, म्हणजे चौपट वेळ. माझ्यासमोरची ३५ एमएम चार स्टॉप सांगत होती, सोळापट. कंपनी चार म्हणते तेव्हा मी तीन धरतो. मला तर दोनच हवे होते.

डहाणूच्या माणसाला हे यंत्र वाचताना दुसरंच काहीतरी आठवतं. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्याकडे जमीन हलायला लागली. धुंदलवाडी, तलासरी, आजूबाजूचे पाडे. बहुतेक धक्के लहान, पण एकामागून एक, हजारोंनी. १ फेब्रुवारी २०१९ चा ४.१ रिश्टरचा. त्या दिवशी घाबरून पळताना पडून एक लहान मुलगी गेली. थंडीत लोक अंगणात झोपले, तंबू आले, शाळा उघड्यावर भरल्या, आणि हैदराबादच्या एनजीआरआयने गावांत भूकंपमापक बसवले. भूकंपमापकाचं तत्त्व लेन्समधल्या जायरोच्या जवळचं: एक वस्तू जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहते, आणि तिच्या तुलनेत बाकीचं किती हललं ते मोजायचं. तेही जपानमध्येच घडत गेलं. १८८० च्या सुमारास तोक्योत शिकवणाऱ्या जॉन मिल्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधुनिक भूकंपमापक बनवले. १८९७ च्या आसाम भूकंपानंतर मिल्नची यंत्रं आपल्याकडे अलिपूर, कोडाईकनाल आणि मुंबईत कुलाब्याला बसली. फरक एवढाच, की धुंदलवाडीच्या यंत्रात थरथर हीच बातमी असते, आणि लेन्समध्ये ती मोजतात ती फेकून देण्यासाठी. (जाता जाता: जायरो इतके बारीक झालेत की पृथ्वीचं फिरणंही त्यांना कळतं आणि ते त्याला हाताची थरथर समजतात. सेकंदभराच्या वर शटर उघडं ठेवणाऱ्यांना हा त्रास. आमच्या १/८ ला नाही.)

आता किमतीचं. ही सोय किती महाग, हे सर्वांत स्वच्छ दिसलं ते कॅननच्याच ७०-२०० एमएममध्ये. १९९९ साली एफ/४ ची साधी आली, २००६ साली तीच एफ/४ आयएससकट. दोन्ही वर्षानुवर्षं शेजारी शेजारी विकल्या गेल्या, आणि आयएसवालीची किंमत साधीच्या दुपटीकडे झुकणारी. टेलिफोटोला तरी ते पटतं. २०० एमएमवर हात लपत नाही. २०१२ मध्ये कॅननने २४, २८ आणि ३५ एमएम अशा रुंद लेन्समध्ये आयएस घातलं आणि किंमत चढी लावली, तेव्हा अनेकांनी विचारलं की यात आयएस कशाला? प्रश्न रास्त होता. तोवर सेन्सर सुधारले होते. फिल्मच्या काळात आयएसओ ४०० म्हणजे वेगवान. आज माझा जुना कॅमेरा ६४०० वर बऱ्यापैकी फोटो देतो. हे चार स्टॉप फुकट मिळाले. मिनोल्टाने तर २००३ मध्येच सेन्सर हलवायची युक्ती आणली होती. तेव्हा थरथर एकदाच कॅमेऱ्यात आवरायची, प्रत्येक लेन्ससाठी वेगळे पैसे मोजायचे नाहीत. कॅनन आणि निकॉन बरीच वर्षं म्हणत राहिले की लेन्समध्येच ते चांगलं जमतं. लांब लेन्सच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरंही होतं, आणि धंद्यालाही सोयीचं. कॅननचा बॉडीत स्टॅबिलायझेशन असलेला कॅमेरा यायला २०२० उजाडलं. तुमच्या कॅमेऱ्यात ते असेल तर रुंद लेन्समधल्या आयएसला वेगळे पैसे देऊ नका, एवढं मी डोळे मिटून सांगतो. माझ्या कॅमेऱ्यात नव्हतं.

शेवटी मी मध्यममार्ग काढला. मुंबईतून आयएसवाली लेन्स तीन दिवस भाड्याने घेतली, पंधराशे रुपयांना.

चौकाच्या दिवशी सकाळी पाड्यावर पोचलो तेव्हा भिंत गेरूने सारवून वाळत होती. धवलेरी बसली होती, पाच सवाशिणी पुढे आल्या. मी कणगीला पाठ टेकून, कोपरं छातीशी धरून, एफ/५.६, १/८. मागच्या स्क्रीनवर झूम करून पाहिलं आणि खरं सांगतो, सोळा हजार तिथल्या तिथे द्यावेसे वाटले. पिठाची प्रत्येक रेघ सुटी. लेपातला गवताचा तुकडा दिसत होता. दारातल्या उजेडाने प्रत्येक त्रिकोणाला एका बाजूने सावलीची कड दिली होती. १/४ ला प्रयत्न केला, तोही चारातला एक नीट आला.

मग लक्षात आलं की भिंत रेखीव आहे आणि बायका नाहीत. काडी धरलेला हात जिथे असायला हवा तिथे तपकिरी धूर होता. एका सवाशिणीचा चेहरा दोन होता. वाटीतून पीठ घेणारी बांगड्यांची जोडी म्हणजे हिरवी पट्टी. आयएसने माझा हात थांबवला होता, त्यांचा नाही, थांबवणारही नव्हतं. हे मला पाठ होतं, तसा लेखही मी कोणाला तरी फॉरवर्ड केला होता. तरी त्या खोलीत ते पाहून कसंसं झालं. एकशे ऐंशीहून जास्त वर्षांनी इतक्या जायरोंसकट मी पुन्हा तोच फोटो काढला होता: जे हलत नाही ते राहिलं, जी माणसं ते करत होती ती गेली.

आयएस बंद केलं. छिद्र एफ/२, आयएसओ ६४००, शटर १/६० च्या वर. दाणेदार फोटो, मागची भिंत थोडी मऊ, पण हात हातासारखा, बोटांच्या चिमटीत काडी. यापुढचं सगळं लग्न मी असंच काढलं. रात्री तारपा निघाला. दुधी भोपळ्याचं ते लांब वाद्य फुंकणारा मधे, आणि एकमेकांच्या कमरेत हात गुंफून गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी माणसांची रांग, वर एक एलईडी दिवा. तिथे १/१२५ हवा होता. तिथे आयएस म्हणजे पावसाळ्यात पंखा.

मित्राच्या धाकट्या भावाने हेच सगळं त्याच्या स्वस्तातल्या फोनवर काढलं. फोनला ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन नव्हतं, नाइट मोड होता. २०१२ साली नोकियाच्या लुमिया ९२० ने लेन्स हलवायची युक्ती फोनमध्ये आणली, पण खरा धक्का दिला तो सॉफ्टवेअरने. २०१८ च्या अखेरीस गूगलने नाइट साइट आणला तेव्हापासून फोन एक लांब फोटो घेत नाही, झटपट अनेक घेतो, ते एकावर एक नीट बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. थरथर होते तशी होऊ द्यायची आणि नंतर हिशोबात सावरायची. जिथे काही हलतंय असं दिसतं तिथे चांगला अल्गोरिदम सरासरी सोडून देतो आणि कमी फ्रेम वापरतो. म्हणून त्याच्या फोटोत भिंत गुळगुळीत, हात दाणेदार, पण हात होता. मी कोड लिहूनच पोट भरतो, तेव्हा यात मला आनंद व्हायला हवा होता, झाला, अर्धा. कारण गोंगाट काढण्याच्या नादात फोनने लेपावरचे बोटांचे फराटेही पुसून टाकले होते. त्याला ते नको असलेले ठिपके वाटले. फोनच्या पडद्यावर फोटो छान दिसतो. मोठा करा, आणि भिंत प्लास्टिकची होते.

घरी येऊन मोजलं. लग्नाचे ठेवलेले फोटो सहाशेच्या आसपास. त्यातले आयएसशिवाय आलेच नसते असे अकरा. अकराही भिंतीचे. त्या अकरांसाठी ते हवंच होतं आणि पंधराशेत मिळालं होतं. मी बारा हजारांची जुनी लेन्स घेतली. तिची मोटर मिक्सरसारखी आवाज करते.

तुमचा हिशोब वेगळा असेल. लेणी, देवळांचे गाभारे, संग्रहालयं, जिथे ट्रायपॉड नेऊ देत नाहीत आणि समोरचा दगड हलत नाही, तिथे वारंवार जात असाल तर आयएस घ्या. फांदीवर बसलेला पक्षी लांब लेन्सने टिपत असाल तर नक्कीच घ्या. हातात धरून व्हिडिओ काढत असाल तरी घ्या, कारण व्हिडिओत थरथर लपवायला जागाच नाही. कबड्डी, लहान मुलं, वरात, नाच काढत असाल तर ते पैसे मोठ्या छिद्राकडे वळवा. आणि वर्षातून दोनदाच लागणार असेल तर भाड्याने घ्या. लेन्स कपाटात असण्याचा आनंद हा वेगळा खर्च आहे, तो वेगळ्या खात्यात लिहावा.

दिवाळीच्या आधी मी पुन्हा पाड्यावर गेलो. जुन्या घराच्या जागी जोत्याचं काम चालू होतं. भूकंपानंतर त्या भागात विटांच्या घरात झोपायला लोक बिचकतात, कूड हलतो पण अंगावर पडत नाही असं म्हणतात, तरीही घर विटांचंच होणार होतं. मी भिंतीचा मोठा प्रिंट काढून नेला होता, १/८ चा, सगळ्यांत रेखीव आलेला, ज्यात बायका धूर झाल्या आहेत. दाणेदार, हात दिसणारे फोटो लहान करून पाकिटात घातले होते. ते दाखवायची मला थोडी लाज वाटत होती.

मावशींनी मोठा प्रिंट शेजारच्या घराच्या ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ पाहिला. मग धुरावर बोट ठेवून नाव सांगितलं. पुढच्या धुरावर दुसरं. मी विचारलं, कसं ओळखलंत? बसण्यावरून, त्या म्हणाल्या, आणि कुठला भाग कोणी काढला ते मला माहीत नाही का. झाड एकीचं, घोडा दुसरीचा, कडेची नक्षी धाकट्या जावेची, तिची रेघ जरा जाड येते.

मी पाकिटातले फोटो काढले आणि आम्ही दोन्ही शेजारी ठेवून बसलो. मोठ्या प्रिंटच्या मागे पेन्सिलने सहा नावं लिहिली, कुठून कुठवर कोणाचं ते बाण करून. धवलेरीचं नाव मला दोनदा लिहावं लागलं, पहिल्यांदा मी ते चुकीचं ऐकलं होतं.